गाडीशी तुम्ही, गडव्याशी मी

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, इथेच माझं लिहिणं अडतं. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आपल्याकडे भासरा म्हणतात. पण ते नातं सांगायचं नाव झालं, हाक मारायचं नव्हे. हाक मारायची वेळच आपल्या रीतीत येत नाही. धाकट्याच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नाही, तो समोर आला की पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं, हातातून हातात काही द्यायचं-घ्यायचं नाही. जमिनीवर ठेवायचं, तो उचलील. मी ते सगळं पाळलं. म्हणून एका गाडीत इतकी वर्षं संसार करूनही तुमच्याशी सरळ बोललेलं एक वाक्य माझ्यापाशी नाही.

परवा तुमची तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले, भांडी घासून जागच्या जागी लागली. आता रीत कोणाशी पाळायची? म्हणून बोलते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. बाई शिकवायच्या तसं शुद्ध लिहायचा प्रयत्न करते, पण तुमचं बोलणं तुमच्याच बोलीत येईल, ते मला शुद्ध करता येणार नाही.

खरं तर एक वाक्य होतं. लहानसंच. एकदा ते अगदी ओठाशी आलं होतं आणि बाहेर पडलं नाही, आणि त्यातून सगळं रामायण झालं. पण ते नंतर.

लग्न होऊन मी अल्लीपूरला आले तेव्हा तुमच्या लाऊडस्पीकरच्या धंद्याचा जम बसला होता. कुठल्याशा दवाखान्याची जुनी बंद गाडी तुम्ही लिलावात घेतली होती. लग्नसराईत ती गावोगाव फिरायची. देवळीकडे, समुद्रपूरकडे, मधल्या आडगावांना. तिथे विजेचे खांब उभे राहिलेले असायचे, तार यायची होती. गाणी वाजायची ती बॅटरीवर, मांडवातली दांडी, म्हणजे ट्यूबलाइट, लागायची ती बॅटरीवर, आणि त्या बॅटऱ्या भरायच्या कशा हे तुम्हाला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. बाकीचे लाऊडस्पीकरवाले बॅटरी बसली की ती एसटीच्या टपावर टाकून शहरात न्यायचे, दोन दिवस तिथे ठेवायचे, तोवर इकडे लग्न मुकं. तुम्ही गाडी घेऊन उन्हाळाभर बाहेर राहायचा आणि कधी मुकं लग्न होऊ दिलं नाही.

बाहेरचं खाऊन तुमचं पोट बिघडलं म्हणून घरात ठरलं की सून गाडीत जाईल, स्वयंपाक करील. सासूबाईंनी ओसरीवर बसून सगळ्यांच्या देखत अट घातली. "जाऊ द्या तिले. पर रीत गाडीत बी पाळा लागन. एक डाव बी बोभाटा माह्या कानावर आला, तं सून चुलीपाशी. मंग मले म्हनू नोका."

मला जायचं होतं. किती जायचं होतं ते मी कोणाला सांगितलं नाही. घरात बायका पुष्कळ, आणि मला चारचौघींत तोंड उघडता येत नाही. त्यामुळे मी गर्विष्ठ आहे असं काही जणींचं म्हणणं, आणि मुकी आहे असं बाकीच्यांचं. "मुकीले विचारून काय फायदा" असं माझ्यासमोरच म्हणायच्या. गाडीत गप्प राहणं हीच रीत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी जशी आहे तशी बरोबर होते. गाडीचं मागचं दार उघडलं की रोज नवीन शेत, नवीन विहीर, नवीन लिंब. ते मला सोडायचं नव्हतं. म्हणून मी रीत सासूबाईंना वाटेल त्याहून कडक पाळली.

पण तिघांच्या संसारात न बोलून कसं भागणार? तुमचा भाऊ मध्ये असला की सोपं होतं. मी त्यांना सांगायची, ते तुम्हाला सांगायचे. पण ते सारखे झाडावर. भोंगे बांधायला त्यांना सगळ्यात उंच फांदी लागायची, आणि भोंगा बांधून झाला तरी तिथेच बसून ते खाली ओरडायचे, "दादा, वाजव ना वो! इथून पार दुसऱ्या गावाची शीव दिसून राह्यली!" अशा वेळी आपण दोघंच. तुम्ही चाकाला पाठ टेकून बसलेले, मी चुलीपाशी पदर ओढून.

पहिल्यांदा तुम्ही बोललात ते गाडीशी. पत्र्यावर दोन टिचक्या मारल्यात आणि म्हणालात, "काय व गाडी, आज भाकरीत मीठ नाई पडलं वाटते."

मी घाबरले. उत्तर तर द्यायला हवं. समोर पाण्याचा पितळी गडवा होता. त्याच्याकडे पाहून मी म्हणाले, "गडव्या, मीठ संपलं. परवाच सांगितलं होतं आनाले."

तुम्ही म्हणालात, "गाडी, गडव्याले म्हनाव, आजच आनतो."

तिथून पुढे आपलं असंच चाललं. तुमचा भाऊ झाडावरून उतरला की हसून लोळायचा. "अरे, हे दोघं कोनाशी बोलून राह्यले? इथं तं कोनीच नाई!" तुम्ही न हसता म्हणायचा, "तू गप, लहान्या. गाडीचं न गडव्याचं चालू हाये."

माझं बॅटरीचं शिक्षण गाडीलाच सांगून झालं. "गाडी, बॅटरीले घरं असतात. दर घरात पट्ट्या असतात, त्याइले प्लेटा म्हनतात. प्लेटा उघड्या पडल्या तं बॅटरी मेली. पानी कसं टाकाव? प्लेटा बुडाल्या पाह्यजे, बस. काठोकाठ नोको. काठोकाठ टाकलं तं उकळून बाहेर येते न लोखंड खाते." मी भाकरी थापता थापता ऐकायची. गाडीला हे शिकून काय करायचं होतं? तुम्ही मलाच शिकवत होतात की नुसतं मन मोकळं करत होतात, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही. एकदा मी तुमच्या मागे पाणी टाकून ठेवलं. तुम्ही येऊन झाकणं काढलीत, वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "गाडी, तू पास झाली." तेव्हा कळलं.

भरायची खटपट मात्र केवढी! गाडी सुरू ठेवली तर भरतात, पण डिझेल जाळून गाणी वाजवणं तुम्हाला पटायचं नाही. म्हणून तुम्ही गावात शिरलात की पहिलं विचारायचा ते नवरदेवाचं नाव नव्हे, "विहिरीवर इंजिन कोनाचं हाये?" मग त्या शेतकऱ्याकडे जायचं. त्याचं इंजिन संत्र्याला पाणी देत असायचं. तुम्ही त्याच्या चाकाशेजारी आपला डायनामो खुंट्यांनी पक्का ठोकायचा, पट्टा चढवायचा. पाणी त्याचं, वीज आपली. फुकट कधी भरलं नाहीत. कोणाचं इंजिन धूर टाकत असेल तर ते खोलून साफ करून द्यायचा, आणि काहीच बिघडलेलं नसलं तर म्हणायचा, "घरच्या म्हाताऱ्या मानसाले काय आवडते, ते गानं सांगा. मांडवात पहिलं तेच लावतो." कितीतरी म्हाताऱ्या आपल्याच आवडीचं गाणं भोंग्यातून ऐकून डोळे पुसताना मी पाहिल्या आहेत.

त्या डायनामोचा एक दोष होता. इंजिन मध्येच थांबलं की भरलेली बॅटरी उलटी त्याच्यात रिकामी व्हायची. म्हणून कोणीतरी काट्याकडे बघत बसावं लागे. काटा मागे पडायला लागला की तार ओढायची. ते काम माझं झालं. मला ते फार आवडे. विहिरीपाशी सावलीत बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, आणि बसण्याला काम म्हणायचं! पुढे पुढे मला काट्याकडे पाहावंही लागेना. इंजिनाचा आवाज जरा जड झाला की माझा हात तारेवर जायचा. तुम्ही ते दुरून पाहिलंत आणि काट्याची काच पुसणं सोडून दिलंत. ती शाबासकी होती हे मी धरून चालले आहे.

माझ्या लुगड्यांना बॅटरीतल्या तेजाबी पाण्याच्या थेंबांनी भोकं पडायची. एक दिवस गाडीतल्या खुंटीवर रेग्झिनचा तुकडा टांगलेला दिसला, कमरेला बांधायला दोऱ्या लावलेला. आणखी एकदा माझं डोरलं वाकताना पुढे लोंबलं आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना लागलं. चर्र झालं, ठिणगी उडाली, डोरल्याची एक कडी वितळली. मी रडायला लागले, सौभाग्याची वस्तू जळाली म्हणून. तुमच्या भावाने दोरा घालून ते तात्पुरतं ओवून दिलं आणि ते म्हणाले, "घे, मी अजून जित्ता हावो." पुढच्या मुक्कामी दिवसभर करवतीचा आवाज आला, आणि संध्याकाळी बॅटरीच्या टोकांवर सागाची झाकणं बसली होती, चामड्याच्या बिजागऱ्या लावलेली. ती अजून आहेत. आत्ता त्यातल्याच एकावर कोपर टेकवून लिहिते आहे.

मीही एकदा तुम्हाला काही दिलं, ते सांगू द्या. एका गावी इंजिन नव्हतं, नदीचं पाणी होतं. बॅटऱ्या अर्ध्या बसलेल्या, लग्न दुसऱ्या दिवशी. तुम्ही डोकं धरून बसला होतात. मी गडव्याला म्हणाले, "गडव्या, माह्या मायच्या चरख्याचं चाक मोठं न चाती लहान. चाक एकडाव फिरते, तवा चाती किती घिरट्या घेते पाहाव लागते."

तुम्ही उठलात. नवरीच्या बापाची रिकामी बंडी जॅकवर उचललीत, एका चाकाच्या धावेवरून पट्टा घेऊन डायनामोच्या लहानशा कप्पीला दिलात, आणि चाकाला एक मूठ ठोकलीत. मग वऱ्हाडातला एकेक गडी त्या चाकाला लागला. नवरदेवाचे मेव्हणे हटले की नवरीचे मामा. "अरे जोर लाव, रात्रीची बुंदी कुठं गेली?" "तुह्या बहिनीच्या लग्नात तुले जुपन, थांब!" सकाळभर गंमत चालली होती. घामाने न्हालेल्या त्या माणसांनी दुपारी मंगलाष्टकं ऐकली ती कान टवकारून, जणू प्रत्येक अक्षर त्यांनी स्वतः चाकातून काढलं होतं. जेवणं झाल्यावर तुम्ही गाडीच्या पत्र्यावर टिचकी मारलीत. "गाडी, चरख्याची अक्कल कोनाची व्हय, माईत हाये का तुले? मले माईत हाये."

तुमची माझी भांडणंही झाली. एक तर मिटलंच नाही. तुमचं म्हणणं, बॅटरी उघड्या जमिनीवर ठेवू नये, जमीन बॅटरी पिते. खाली तरट हवंच. मला ते पटेना. माठातलं पाणी माती पिते, पण बॅटरी तर सगळीकडून बंद! एकदा तुम्ही देवळीला सामान आणायला गेलात तेव्हा मी एक तरटावर ठेवली आणि एक उघड्या जमिनीवर. तुम्ही येईपर्यंत दोन्ही सारख्याच भरलेल्या. मी गडव्याला सांगितलं, जरा मोठ्यानेच. "गडव्या, जमिनीवरची बी जशीच्या तशी हाये."

तुम्ही पान जुळवत म्हणालात, "गाडी, जमीन आज तहानलेली नसन."

मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तुम्ही पुन्हा पुन्हा जमिनीला तहान नव्हती म्हणालात. आणि तरट काढू दिलं नाहीत.

आता ते वाक्य.

समुद्रपूरकडचं एक लग्न. चैत्र-वैशाखाची वावटळ सुटली होती. सगळीकडे फुफाटा. धूळ गाण्याच्या मशीनमध्ये जाऊ नये म्हणून गाडीची दारं लावून घेतली होती. विहिरीवर भरून झालेल्या, अजून बुडबुडत असलेल्या बॅटऱ्या आत आणून ठेवल्या होत्या. भरताना त्यांच्यातून एक वायू निघतो. दिसत नाही, पण ठिणगी मिळाली की बंदुकीसारखा उडतो, आणि आतलं जळतं पाणी तोंडावर येतं. हे गाडीला सांगताना तुमचा आवाज नेहमी बदलायचा. शहरातल्या गॅरेजमध्ये तुमच्या सोबतच्या एकाचे डोळे असेच गेले होते. म्हणून गाडीत बिडी बंद. तुम्हाला स्वतःला बिडीशिवाय चालत नसे, तरी तुम्ही मैलभर उन्हात जाऊन ओढायचा.

त्या दिवशी तुम्ही झाकणं काढून एकेका घरात वाकून पाहत होतात. बाहेर भोंगा वाजत होता. मी कोपऱ्यात, समोर पाण्याची बकेट आणि गडवा. तेवढ्यात नवरीचा काका मागचं दार ढकलून आत आला आणि दार पुन्हा ओढून घेतलं, धूळ येऊ नये म्हणून. भला माणूस. सकाळपासून तुम्हाला चहा मिळाला नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. "घ्या भाऊ, लय राबून राह्यले तुम्ही," असं म्हणत त्याने बिडी तुमच्या तोंडाशी धरली. तुमचं सगळं ध्यान खाली, घरातल्या पाण्यात. पाहुण्याने मानाने दिलेली बिडी, ती तुम्ही न बघता ओठांत धरलीत. आणि त्याने काडेपेटी काढली.

मला बोलायचं होतं. इतकं सोपं वाक्य. पण कोणाला हाक मारू? तुम्हाला मारता येत नाही. त्या परक्या माणसालाही नाही. आणि सवय अशी की माझी मान आपोआप गडव्याकडे वळली. "गडव्या," मी म्हणाले, "बिडी... बिडी नोको..." भोंग्याच्या आवाजात ते माझं मलाही ऐकू आलं नाही. काडी पेटीवर घासायला त्याचा हात वर गेला.

मी बकेट उचलली आणि सगळी तुमच्या दोघांवर ओतली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. काका ओरडत बाहेर गेला. वावटळीतसुद्धा माणसं जमली. "लाऊडस्पीकरवाल्याइच्या सुनेनं भासऱ्याच्या डोक्यावर बकेट ओतली!" कोणी म्हणालं, हिच्या अंगात आलं. कोणी म्हणालं, आधीपासूनच डोक्याने अशी असेल. तुम्ही भिजलेल्या अंगाने खाली उतरलात, हातातल्या ओल्या बिडीकडे पाहिलंत, मग दारं सताड उघडलीत आणि पुढची तबकडी लावलीत. नवरीची पाठवणी व्हायची होती. तुम्ही नेहमी म्हणायचा, "पाठवनीचं गानं अर्ध्यात बंद नाई पडलं पाह्यजे. लग्न काई दुसऱ्यांदा होत नाई." ते गाणं पुरं वाजलं. माझं गाडीतलं राहणं संपलं, एवढंच डोक्यात होतं.

बोभाटा आपल्या आधी अल्लीपूरला पोचला. सासूबाई दारातच उभ्या. "उतर खाली. पेटी बी उतरव. मी काय म्हटलं होतं?" घरातल्या बायका दाराआडून पाहत होत्या. तुमचा भाऊ समजवायला लागला तर त्यांना म्हणाल्या, "तू चूप. बायकोच्या पदराखालचा." मी पेटी उचलली.

तुम्ही म्हणालात, "माय, पेटी राहू दे तिथंच. संध्याकाळपावतर थांब. तुले एक दाखवतो. मंग तू म्हनशीन तसं."

दुपारभर तुम्ही गाडी सुरू ठेवून एक मोडीत काढलेली बॅटरी अंगणाच्या टोकाला भरत ठेवलीत, झाकणं घट्ट लावून. उन्हं कलली तशा सगळ्यांना ओसरीवर बसवलंत. लांब वेळूच्या टोकाला चिंधी बांधून पेटवलीत, टेंभ्यासारखी, आणि काठी लांबवून एका झाकणाच्या भोकाशी नेलीत.

असा आवाज झाला की कौलांवरचे कावळे उडाले. झाकण उडून गोठ्याच्या भिंतीवर आपटलं. सासूबाई ओसरीवरून उठून एकदम आत पळाल्या आणि दाराच्या चौकटीतून म्हणाल्या, "व माय व! हे काय केलं रे बाप्पा?"

"हे माह्या तोंडापाशी झालं असतं, माय. दोन डोये गेले असते. हिनं पानी टाकलं म्हून तुले पाहून राह्यलो."

सासूबाईंनी त्या उडालेल्या झाकणाकडे पाहिलं. मग हळूच बाहेर आल्या. "मंग बरं केलं. पर गडवाभर टाकाव ना. अख्खी बकेट कायले?"

तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "गडवा कामात होता, माय."

तुमचा भाऊ खो खो हसला. मी पदराआड. सासूबाईंना काही कळलं नाही. पण मला कळलं की भोंग्याच्या आवाजात माझं ते पुटपुटणं तुम्ही ऐकलं होतं, किंवा ऐकलं नसलं तरी मी काय करत असेन ते तुम्हाला ठाऊक होतं.

मग तुम्ही खिशातून ती काचेची नळी काढलीत. बॅटरीतलं पाणी ओढून आत तरंगणारी मणी-कांडी बघायची नळी; बॅटरी भरली की कांडी वर येते. तिला तुम्ही कोणाला हात लावू देत नसा, भावालाही नाही. ती तुम्ही उंबऱ्यावर ठेवलीत, आणि दोन पावलं मागे सरलात. सासूबाईंकडे पाहून म्हणालात, "आजपासून बॅटऱ्या हिच्याकडं. मी तारा जोडीन, भोंगे पाहीन. भरल्या का नाई हे हीच सांगन. ही नाई म्हनली तं गाडी गावात जानार नाई."

सासूबाईंनी पेटीला पायाने जरा गाडीकडे ढकललं. एवढंच. मी खाली वाकून नळी उचलली. ती तुमच्या खिशाने ऊबदार झालेली होती.

त्या दिवसापासून मी कितीदा गडव्याला "नाई" म्हणाले, आणि तुम्ही ओळखीचे, मोठे, भारदस्त लोक परत पाठवलेत. एकदाही विचारलं नाहीत, काऊन नाई. पुढे मुलं झाली, मग गावोगाव तार आली, भिंतीतल्या विजेत पिना खोचून गाणी वाजायला लागली. गाडी अंगणात लागली. तरी लाइट गेली की लोक यायचेच, आणि तुम्ही ओसरीवरून सांगायचा, "गाडीले विचारा, गाडी गडव्याले विचारन." नव्या सुनांना वाटायचं म्हातारबा चळले.

मला तुम्हाला पुष्कळ विचारायचं होतं. तुम्ही लग्न का केलं नाहीत? दर वर्षी शेकडो लग्नं वाजवणारा माणूस. एकदा पाठवणीच्या गाण्याला तुम्ही उगाच मशीनच्या मागे जाऊन बसलात, तेव्हा मी गडवा उचलून तोंडाशी नेला होता. पण असली गोष्ट गडव्याला कशी विचारायची? तो मीठ आणि पाण्यापुरता. आपल्या रीतीने मला तुमच्याजवळ राहू दिलं आणि तेवढंच दूर ठेवलं. मी तिला दोष देत नाही. बोलता आलं असतं तर कदाचित मी भीतीने तुमच्यापुढे काहीच बोलले नसते. गडवा होता म्हणून बोलले.

शेवटी तुमच्या छातीने साथ सोडली. बिड्यांचीच करणी, पण तेही कोणी बोललं नाही. खाट दारापाशी घेतली होती, तुम्हाला अंगणातली गाडी दिसावी म्हणून. दुपारी सगळ्यांनी एकेक करून पाणी पाजलं. मी भिंतीशी उभी. तुमचा भाऊ म्हणाला, "ये व. दादाले पानी पाज. आता कायची रीत?"

मी तोच गडवा घेऊन आले. चमचा ओठांशी नेला. तुमचे डोळे मिटलेले. मी म्हणाले, "गडव्या, पानी आनलं म्हना. तोंड उघडा म्हना."

तुम्ही तोंड उघडलंत. मी थोडं थोडं घातलं. तुमच्यावर पाणी टाकायची ही माझी दुसरी वेळ. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे नाही, बाहेर गाडीकडे पाहिलंत. "गाडी," म्हणालात, "प्लेटा बुडाल्या. बस."

बायका म्हणाल्या, वात झाला. मी चमचा खाली ठेवला. काठोकाठ नको, हे मला कोणी सांगायला नको होतं.

थोड्याच वेळाने तुम्हाला खाली घ्यायला सांगितलं. जमीन सारवलेली होती, दर्भ टाकला होता. मला काय झालं कोण जाणे, मी पळत गाडीत गेले आणि बॅटरीखालचं तरट ओढून आणलं. सगळ्यांच्या देखत ते जमिनीवर अंथरलं. कोणीतरी म्हणालं, "हे पोतं कायले?" तुमच्या भावाने त्यांना हाताने गप्प केलं. तुम्हाला त्याच्यावर निजवलं.

आपलं ते भांडण मिटलं असं समजू नका. मला अजून पटलेलं नाही. पण त्या दिवशी जमिनीला तहान असती तर?

आज तेरवीचा पसारा आवरून मी गाडीत येऊन बसले. एक बॅटरी बसली होती, ती भरायला लावली आहे. आता तार अंगणात आली आहे, बटण दाबलं की होतं, इंजिन नको, बंडीचं चाक नको. पण बुडबुडे तसेच येतात, वास तोच येतो. नळीतली कांडी अजून खाली आहे, वर यायला वेळ लागेल. सागाच्या झाकणाशेजारी तुमचं बिड्यांचं अर्धं बंडल आणि काडेपेटी कोणीतरी आणून ठेवली आहे. तुमच्या आठवणीची म्हणून. मी ती उचलून दाराबाहेर, पायरीवर ठेवली.

गडवा घरात आहे. आज तो मी मुद्दाम आणला नाही.

बिडी बाहेर जाऊन प्या, भाऊजी.